यंत्राच्या नावावर लागलेलं शेत

त्या कंपनीत वाईट बातमी सांगणाऱ्याने उभं राहायचं, असा नियम होता. लेखी कुठे नव्हता, पण दर शनिवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये बैठक भरायची तेव्हा तो न चुकता पाळला जायचा. ज्याच्याकडे चांगली बातमी, त्याने खुर्चीत बसून सांगायची. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. ज्याच्याकडे तक्रार, मोडतोड, गिऱ्हाइकाचा नकार असलं काही असेल, त्याने उभं राहून सांगायचं आणि दुसऱ्या कुणाची चांगली बातमी येईपर्यंत तसंच उभं राहायचं. साहेब हसत म्हणायचे, "जरा पाय मोकळे होऊ द्या तुमचे."

शाळेत मला कुणी कधी बाकावर उभं केलं नव्हतं. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. पालघरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालो तेव्हा वडिलांनी गावात पेढे वाटले होते. आणि नोकरीत, गिऱ्हाइकांच्या तक्रारी बघायचं काम माझ्याकडे असल्याने, मी जवळजवळ दर शनिवारी उभा असायचो.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. बोईसरला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रंगाचे आणि औषधांचे कारखाने आजूबाजूला आणि मधेच आमचा, शेतीची अवजारं करणारा. म्हातारे मालक होते तोवर तिथे औषध फवारायचे पंप व्हायचे. साधे, पायाने दाबायचे. केळव्या-माहीमच्या वाड्यांतून ते पंप घरोघर दिसायचे. मालक स्वतः हातात पाना घेऊन वायसर बदलायचे. ते आजारी पडून मुंबईला गेले आणि त्यांचे जावई साहेब म्हणून आले. जावई आधी पंखे विकायच्या धंद्यात होते. पंप त्यांना क्षुल्लक वाटले. त्यांनी भात लावायचं यंत्र काढायचं ठरवलं.

आता हे मी रागाने लिहितोय म्हणून कुणाला वाटेल की मी त्या यंत्राच्या विरोधात होतो. मुळीच नाही. भाताची लावणी म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. आमचं गाव पालघर-मनोर रस्त्याला लागून. दर आषाढात आई दिवसच्या दिवस चिखलात वाकलेली असायची, पावसासाठी पाठीवर पानांचं इरलं घेऊन. लावणी संपली की पुढचे कितीतरी दिवस तिला सरळ झोपता येत नसे. कुशीवर पाय पोटाशी घेऊन पडायची. मी नोकरीला लागलो त्या वर्षी तिला एकदा कारखान्यात घेऊन गेलो. यंत्र उभं होतं. मागे दांडा, तो हातात धरून माणसाने ताठ चालायचं, आणि पुढे लोखंडी बोटं रोप उचलून चिखलात खोवत जायची. आईने दांड्याला हात लावून पाहिला.

"हे धरून चालायचं? वाकायला नाय लागत?"

"नाही लागत."

"मंग आमच्याकडं कवा आणशील?"

त्या प्रश्नासाठी मी तिथे काम करत होतो, एवढं समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं कळेल.

यंत्राची अडचण एकच होती, आणि ती लपलेली नव्हती. त्याला रोप लागायचं ते चटईसारखं. प्लास्टिकवर मातीचा पातळ थर देऊन त्यात दाट बी पेरायचं, रोप वीतभर व्हायच्या आत त्याची अख्खी चटई उचलून यंत्राच्या तबकात ठेवायची. आमच्याकडे कोण असं करतं? आमच्याकडे राब भाजतात. जमिनीवर पालापाचोळा, शेण पसरून जाळायचं, त्या भाजलेल्या जागेत बी टाकायचं, रोप चांगलं उंच झालं की उपटून, मुळं धुऊन, मुठी बांधायच्या. अशी लांब मुळांची रोपं त्या तबकात ठेवली की सगळा गुंता. लोखंडी बोटं एकदम मूठभर रोपं ओढायची नाहीतर काहीच नाही. वर यंत्र जड. आमच्या खाचरात गुडघाभर चिखल, त्यात ते म्हशीसारखं बसायचं.

पण कारखान्याच्या मागे साहेबांनी एक नमुन्याचं शेत केलं होतं. खाली मुरूम ठोकून घट्ट केलेला, वर चार बोटं चिखल. तिथे यंत्र रस्त्यावरच्या सायकलसारखं पळायचं. मुंबई-ठाण्याचे विक्रेते येऊन ते बघायचे, टाळ्या वाजवायचे आणि मागणी नोंदवायचे.

मग यंत्र विकलं जायचं. पुढच्या गेटवर त्याला हार घालायचे, साहेब स्वतः नारळ फोडायचे, सगळ्या कामगारांनी मशीन बंद करून बाहेर येऊन उभं राहायचं. आणि काही दिवसांनी तेच यंत्र टेम्पोत पडून मागच्या गेटने परत यायचं. धुवायचं, वाकलेली बोटं सरळ करायची, रंगाचा हात मारायचा, की परत पुढच्या गेटवर हार आणि नारळ. आमचा स्टोअरकीपर दातिवरे गावचा, मोठ्या आवाजाचा माणूस. हार घालताना माझ्या कानात म्हणायचा, "पदवीधर, या नवऱ्याचं तिसरं लगीन हाय बरं का. अक्षता टाका."

गोरखपूरचा एक फिटर होता, तो नवा रंग लावता लावता शिव्या द्यायचा. "ये मिट्टी नहीं है भैया, गोंद है गोंद. यहाँ हलका मशीन चाहिए. कौन बोलेगा साहब को?"

कोण बोलणार? मी बोलायचो. उभा राहून. मी सांगितलं की एक वर्ष विक्री थांबवा. आधी लोकांना चटईचं रोप करायला शिकवू, मी गावोगाव जातो. यंत्राचं वजन उतरवा, फिटरला विचारा, त्याच्या डोक्यात सगळं आहे. साहेब पेन्सिल टेबलावर आपटत ऐकायचे आणि मग बाकीच्यांकडे वळायचे. "तर आता कुणाकडे चांगली बातमी आहे?" एकदा म्हणाले, "तुमचा दोष नाही हो. खेड्यातून आलं की यंत्राची भीती वाटतेच."

भीती! ज्याची आई रात्ररात्र कण्हते त्याला यंत्राची भीती!

आणि बाकीचे? सेल्सवाले, हिशेबवाले, उत्पादनाचे प्रमुख. त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. मागचं गेट सगळ्यांना दिसत होतं. पण त्यांनी एक युक्ती काढली होती. प्रत्येकाने एकेक चांगली बातमी शिल्लक ठेवायची. एखादी मागणी मंगळवारीच आलेली असली तरी ती शनिवारसाठी दाबून ठेवायची, म्हणजे बसायला मिळतं. काहीच नसलं तर केबिनच्या बाहेर उभ्याउभ्या तयार करायची. एकाने एकदा कॅन्टीनचा चहा सुधारल्याची बातमी दिली. त्यालाही टाळ्या पडल्या. शिकलेली, पोराबाळांची माणसं ही. मला त्यांचा साहेबांपेक्षा जास्त संताप यायचा, अजून येतो.

कंपनीची तब्येत खालावत गेली तशी साहेबांना बँकेकडून आणखी पैसा हवा झाला. बँकेचे लोक म्हणाले, तुमचं मागचं शेत पुष्कळ पाहिलं, आता खऱ्या शेतकऱ्याचं दाखवा. साहेबांनी मला बोलावलं. त्या दिवशी मला बसायला सांगितलं.

"तुमचं घरचं शेत रस्त्याला लागून आहे ना? गाडी थेट जाते?"

"हो."

"मग तिथेच करू. तुम्ही इतके दिवस जे सांगताय ना, चटईचं रोप, ते करा तुमच्या हाताने. मी कुठे नाही म्हणतोय?"

मला आनंद झाला, हे कबूल करायला लाज कसली. माझं म्हणणं पहिल्यांदाच कुणी ऐकलं होतं. घरी जाऊन मी वडिलांकडे रस्त्याकडचं मोठं खाचर मागितलं. तेच आमचं मुख्य शेत, वर्षाचा तांदूळ त्यातून यायचा. बाकी सगळे तुकडे. वडिलांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाले, "तू शिकलास ते कशाला? घे. पन राबाचं रोप बी आमी ठेवतो. असू दे जोडीला."

मी अंगणात प्लास्टिक पसरून चटया केल्या. रोप असं दाट, हिरवंगार आलं की आई येताजाता त्यावरून तळवा फिरवायची. खाचर नांगरून, चिखलणी करून तयार केलं. तारीख ठरली. आदल्या दिवशी निरोप आला, बँकेच्या मोठ्या साहेबांना जमत नाही, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात परत तेच. चटईचं रोप थांबत नाही. त्याला खाली माती जेमतेमच असते, ते पिवळं पडायला लागलं. मी साहेबांना विचारलं की आपण यंत्र नेऊन आत्ता लावून टाकू, बँकवाले नंतर उभं पीक बघतील.

"उभं पीक काय बघायचं? यंत्र चालताना दिसलं पाहिजे. शेत मोकळं ठेवा. रोपावर पाणी मारत राहा."

पाणी मारत राहा! फुलदाणी होती का ती?

आजूबाजूची खाचरं एकेक करून हिरवी झाली. आमचं तेवढं मधे काळं, पाण्याने भरलेलं. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबायचा. शेजारचा काका बांधावरून ओरडायचा, "काय रे, ग्रॅज्युएटाचं शेत सुटीवर हाय का?" दुसरा म्हणायचा, "तसं नाय, त्याला बोईसरवरून ऑर्डर यायची हाय." मी हसायचो. वडील हसत नसत. एका संध्याकाळी आईने पिवळ्या चटया गुंडाळून म्हशीपुढे टाकल्या. मी पाहत होतो. ती म्हणाली, "राबातलं रोप बी आता पेर धरायला लागलंय, पोरा. आनखी थांबलो तं लावून पन फुटवे येनार नाय."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. शनिवार नव्हता, तरी उभाच राहिलो.

"उद्या आम्ही शेत लावतोय. हाताने. आता थांबता येणार नाही."

मला वाटलं होतं ते ओरडतील. ते नाही ओरडले. पेन्सिल थांबली. "हाताने? म्हणजे कसं, वेडंवाकडं?"

"नाही. दोरी धरून, जपानी पद्धतीने. आमच्याकडे सरळच लावतात."

"सरळ रांगा?"

"सरळ रांगा."

"ठीक आहे," ते म्हणाले. "तुमचं शेत आहे बाबा. लावा."

मी बाहेर आलो तो हलका होऊन. वाटलं, माणूस अगदीच वाईट नाही. स्टोअरकीपरने मला नंतर सांगितलं की मी गेटबाहेर पडायच्या आत साहेबांनी फोन उचलला होता आणि बँकेला म्हणाले होते, उद्या दुपारी या.

आमच्याकडे लावणीला सावड असते. आज माझ्याकडे तुम्ही, उद्या तुमच्याकडे मी. त्या वर्षी आई सगळ्यांच्या शेतात वाकून आली होती आणि आमची पाळी तेवढी राहिली होती. त्यामुळे सकाळी अख्खी आळी आली. टोमणे मारणारा काकाही आला, बायकोला आणि सुनेला घेऊन. वडिलांनी एका टोकाला दोरी धरली, मी दुसऱ्या. बायका ओळीने वाकल्या. थट्टा चालूच. काकी मला म्हणाली, "दोरी ताठ धर रे, कॉलेजात हे नाय शिकवलं काय?" आई म्हणाली, "कॉलेजात धरली असती तं आतापरयंत सून नसती आनली?" त्या दिवशी मला बरं वाटत होतं. दुपारपर्यंत रस्त्याकडचा सगळा भाग लागला. सरळ, हिरव्या, एकसारख्या रांगा. मागचा तुकडा तेवढा राहिला.

तेवढ्यात टेम्पो आला, त्यामागे दोन गाड्या.

टेम्पोतून यंत्र उतरवलं. हार घातलेलाच होता. फिटरही होता बरोबर. तो माझ्याकडे बघेना. साहेब छत्री घेऊन बांधावर आले, मला बाजूला घेऊन म्हणाले, "बायकांना जरा झाडाखाली बसवा. चहा पाठवतो. पाहुण्यांना दिसायला नको." मग फिटरला म्हणाले, "यंत्र त्या लावलेल्या भागाच्या कडेला उभं कर. चालू कर, पुढे नेऊ नको."

मला कळायला जरा वेळ लागला. बुद्धीला नव्हे, मनाला. असं कुणी करील हे मनात शिरतच नव्हतं.

फिटरने यंत्र बांधावरून खाली ढकललं. ते दोन रांगांवर बसलं आणि जागच्या जागी रुतत चाललं. आई झाडाखालून धावत आली. "अरे रोपांत नको घालू ते! आत्ता लावलंय रे!" फिटर थांबला. "माताजी, हम क्या करें," म्हणाला. साहेब माझ्यावर खेकसले, "ही कोण बाई? बाजूला कर तिला."

बँकेची माणसं गाडीतून उतरून रस्त्यावरच उभी होती. चिखल होता, बूट होते. साहेब त्यांच्याकडे गेले आणि हात फिरवून खाचर दाखवलं. "सकाळपासून एवढं झालं. एक माणूस, एक यंत्र. आत्ता जरा इंजीन गार करतोय." त्यांतला वयस्क माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही इथलेच ना? हे सगळं यंत्राने लावलं?"

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मायेचा नव्हे, दाबून.

समोर आई चिखलात उभी होती. यंत्राखाली गेलेली रोपं ती हाताने उकरून काढत होती.

"नाही," मी म्हणालो. "ही माझी आई आहे. हे तिने आणि त्या झाडाखाली बसवलेल्या बायकांनी लावलंय. यंत्र आत्ता टेम्पोतून उतरलं. ते इथे चालत नाही."

मग साहेब मोठ्याने हसले. "फार विनोदी आहे हा. या गावाकडच्यांची मुलं अशीच असतात." आणि मी आयुष्यात विसरणार नाही ते हे: बँकेची माणसंही हसली. तो वयस्क माणूसही हसला. पायात बूट असले तरी डोळे होते त्याला. टेम्पोच्या चाकांचा ताजा माग बघायला शेतीशास्त्र लागत नाही. पण त्याला रांगा बघायला पाठवलं होतं आणि रांगा दिसत होत्या. साहेबांनी नारळ फोडला. बरोबर आणलेल्या फोटोवाल्याने फोटो काढले. एक खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातात आला, तो मी चिखलात टाकला.

ते गेल्यावर यंत्र बाहेर काढायला आमचे रेडे जुंपावे लागले. दोर काकानेच बांधला. त्याने एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मोडलेल्या दोन रांगा आईने परत लावल्या, मागचा तुकडाही अंधार पडायच्या आत पुरा झाला. शेत लागलं. उशिराचं, पण त्या वर्षी तांदूळ झाला.

शनिवारी बैठकीत मी खुर्चीवर बसलो. साहेब म्हणाले, "तुम्ही उभं राहायला हवं, नाही का?"

"नको साहेब. माझ्याकडे चांगली बातमी आहे. मी नोकरी सोडतोय."

सवयीने दोघांनी टाळ्या वाजवल्या, मग त्या थांबल्या. कुणीही उठलं नाही. दारात स्टोअरकीपर उभा होता, तो म्हणाला, "पदवीधर, हार आनू काय?"

बँकेने पैसे दिले. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर आमचं खाचर होतं, रंगीत. यंत्र कडेला, रांगा मधे, आई फोटोतून कापून टाकलेली. पालघरच्या एका खताच्या दुकानात ते कॅलेंडर टांगलेलं मी पाहिलं. काही वर्षांत कंपनी बंद पडली. मागच्या आवारात हारांची सुतं अडकलेली यंत्रं गंजत पडली होती. साहेबांना दुसरीकडे मोठी नोकरी लागली म्हणे. फिटर दारोदार काम मागत होता. कामगारांपैकी कुणी रंगाच्या कारखान्यात गेले, कुणी गावी. लोक म्हणायचे, शेतकरी मागासलेला, त्याने यंत्र घेतलं नाही म्हणून कंपनी बुडाली. हे वाक्य अजून कुणी माझ्यासमोर बोललं की मी उठून उत्तर देतो. यंत्र वाईट नव्हतं. ते हलकं झालं असतं, रोप शिकवलं असतं, चार हंगाम कुणी चिखलात उभं राहून नीट काम केलं असतं तर ते आमच्या खाचरात चाललं असतं. फिटरला येत होतं, मला येत होतं. आम्हाला उभं करून ठेवलं.

आईला मी हे सगळं समजावून सांगितलं होतं. ती ऐकायची. पण पुढच्या आषाढात, राबातली रोपं उपटायला निघताना, इरलं पाठीवर घेता घेता तिने मला विचारलंच.

"ते वाकायला नाय लागत ते यंत्र, ते आता नाय येनार ना रं?"

"नाही," मी म्हणालो.

ती बांधावरून खाली उतरली आणि वाकली.